कोरिलेट क्लिनिकली म्हणे!

मेडिकल रिपोर्ट लिहिणाऱ्यांचं ग्रामरच वेगळं असतं. ‘सजेस्टिव्ह ऑफ’, ‘नो डेफिनिट एव्हिडन्स’, ‘नॉन-स्पेसिफिक चेंजेस’... आणि शेवटी त्यांचं ते लाडकं वाक्य, ‘काइंडली कोरिलेट क्लिनिकली’. म्हणजे काय बॉस? हो की नाही? आपल्याला अप्रेझलसारखा एक रोखठोक शेरा हवा असतो आणि हातात पडतं दोन पानी धुकं.

माझ्या एका मैत्रिणीला गेल्या वर्षी अशी दोन पानं मिळाली. वय २७, हिंजवडीत नोकरी. दोन वर्षांपासून तिच्या पापण्या खाली यायला लागल्या होत्या. ग्रुप फोटोत हिचे डोळे कायम अर्धे मिटलेले. दोन जिने चढले की पाय भरून यायचे. ऑफिसात सल्ला ठरलेला, ‘रात्री लवकर झोपत जा गं!’ शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने तिला मान न हलवता डावीकडे-उजवीकडे बघायला सांगितलं, तेव्हा कळलं की तिची बुबुळं पूर्ण फिरतच नाहीत. मायटोकॉन्ड्रियाच्या आजाराचा संशय आला. रक्तातली जेनेटिक टेस्ट नॉर्मल आली. मग मांडीच्या स्नायूतून साधारण शेंगदाण्याएवढा तुकडा काढला. मसल बायॉप्सी.

रिपोर्ट आल्यावर फोन मला. मी आर्टिकल्स लिहिते म्हणजे मला सगळं कळतं, असा आमच्या ग्रुपचा ठाम समज आहे. पण विषय असा निघाला की मीच त्यात अडकले. दोन-तीन डॉक्टरांना भरपूर पकवलं, बरंच वाचलं. त्यातून जे हाती लागलं ते हे.

मायटोकॉन्ड्रिया म्हणजे पेशीचं पॉवरहाऊस, हे नववीच्या पुस्तकातलं वाक्य सगळ्यांना पाठ. त्या पॉवरहाऊसचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, हे मात्र आपण विसरतो. १६,५६९ अक्षरं, ३७ जनुकं, बस्स. आणि एका पेशीत त्याच्या शेकडो-हजारो कॉपीज. त्यातल्या काही धडधाकट, काही बिघडलेल्या, असं एकाच पेशीत चालू शकतं. बिघडलेल्यांचं प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेलं की त्या पेशीची बत्ती गुल. शेजारची पेशी मात्र मजेत! सगळी गंमत आणि सगळा घोळ इथेच आहे.

आता रिपोर्ट. पहिला शब्द भेटतो ‘रॅग्ड रेड फायबर्स’. एंगल आणि कनिंगहॅम या दोघांनी १९६३ मध्ये स्नायूचे गोठवलेले काप रंगवायची एक सुधारलेली पद्धत दिली. त्यात निरोगी तंतू निळसर-हिरवे दिसतात आणि मायटोकॉन्ड्रिया लाल. वीज पुरत नाही म्हणून एखादा तंतू भसाभस नवे मायटोकॉन्ड्रिया बनवत सुटला, की ते कडेला गोळा होतात आणि तंतूची कड लाल, फाटकी दिसते. नाव वाचून वाटतं स्नायूच फाटलाय. तसं काही नसतं.

दुसरा शब्द ‘कॉक्स निगेटिव्ह’. माझ्या मते अख्ख्या रिपोर्टमधली सगळ्यात कामाची ओळ हीच. वीज बनवणाऱ्या साखळीतलं चौथं मशीन म्हणजे कॉक्स. त्याचे काही पार्ट्स मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएवरून बनतात. दुसऱ्या मशीनचे, म्हणजे एसडीएचचे, सगळे पार्ट्स मात्र पेशीच्या मुख्य डीएनएवरून येतात. म्हणून एकाच कापावर दोन्ही रंग चढवतात. कॉक्स चालू असेल तर तंतू तपकिरी. कॉक्स बंद आणि एसडीएच चालू असेल तर तंतू निळा. तपकिरी गर्दीत मध्येच निळे ठिपके दिसले, तर मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएकडे बोट जातं. मैत्रिणीच्या रिपोर्टमध्ये शंभरातले बाराएक तंतू निळे होते.

पण पुढच्याच पानावर एन्झाइम टेस्टसमोर लिहिलेलं, ‘विदिन नॉर्मल लिमिट्स’. झालं! घरच्यांनी लगेच पेढ्यांचं बोलायला सुरुवात केली. आता ऑफिसचं उदाहरण घ्या. शंभर जणांतल्या बारा जणांना पगारच मिळाला नाही, तरी कंपनीचा सरासरी पगार ठीकठाकच दिसेल. एन्झाइम टेस्टसाठी स्नायू कुटून एकत्र करतात आणि सरासरी मोजतात. उपाशी बारा त्यात हरवून जातात. मायक्रोस्कोपखाली ते एकेकटे दिसतात. म्हणजे दोन पानांत भांडण नव्हतंच, प्रश्न वेगळे होते.

तरी निळे ठिपके म्हणजे निकाल लागला असंही नाही हं. पन्नाशीनंतर असे दोन-चार तंतू निरोगी माणसातही सापडतात. सत्ताविसाव्या वर्षी बारा टक्के ही वेगळी गोष्ट. स्नायूंचे दुसरे काही आजारही हेच चित्र दाखवतात. एड्सवरच्या एझेडटी या औषधानेही असे लाल तंतू तयार होतात, हे १९९० मध्ये लक्षात आलं. आणि उलटही खरं. लहान मुलांत आजार असूनही लाल तंतू बऱ्याचदा नसतात. काही मायटोकॉन्ड्रियल आजारांत बायॉप्सी चक्क नॉर्मल येते. म्हणून तर पॅथॉलॉजिस्ट ‘कोरिलेट’ म्हणतो. हात झटकायला नाही, तर त्याच्यासमोर फक्त एक तुकडा असतो आणि डॉक्टरसमोर अख्खा माणूस.

आता आईचा चॅप्टर. मायटोकॉन्ड्रिया आईकडून येतात हे काकूंनी कुठेतरी वाचलं आणि त्यांचं जेवणच तुटलं. ‘माझ्यामुळे झालं.’ त्यात स्थळं बघणं सुरू होतं, त्यामुळे हा विषय घराबाहेर जाऊ द्यायचा नाही असं फर्मान. दोन महिने त्या घरात कोणी नीट बोलत नव्हतं. आजाराचा त्रास एकीकडे, हा दुसरीकडे. खरं सांगायचं तर मला दुसऱ्याचीच जास्त भीती वाटली.

सुटका त्याच तुकड्याने केली. उरलेल्या स्नायूतून डीएनए काढून तपासला, तर त्यातला एक मोठा तुकडाच गायब. याला सिंगल डिलिशन म्हणतात. स्नायूंच्या पेशंट्समध्ये मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे असे गायब तुकडे पहिल्यांदा दाखवले ते लंडनच्या होल्ट, हार्डिंग आणि मॉर्गन-ह्यूज यांनी, १९८८ मध्ये. तेव्हाही ते स्नायूत दिसले होते, रक्तात नाही. रक्ताच्या पेशी सतत नव्या होतात आणि बिघडलेल्या कॉपीज मागे पडत जातात. स्नायूत त्या ठाण मांडून बसतात. मैत्रिणीची रक्ताची टेस्ट म्हणूनच नॉर्मल होती.

आणि महत्त्वाचं म्हणजे, हा एकच मोठा तुकडा गायब होण्याचा प्रकार बहुतेक वेळा आईकडून येत नाही. तो त्या व्यक्तीतच नव्याने घडतो. हे काकूंना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं. मैत्रिणीच्या पुढच्या पिढीचं काय? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, असा आजार असलेल्या स्त्रियांच्या साधारण २४ बाळंतपणांमागे एकात तो मुलाकडे गेल्याचं दिसलं. शून्य नाही, पण काकूंच्या डोक्यात होता तसा शंभर टक्केही नाही.

आजार बरा करणारं औषध आज नाही. पापण्यांचं ऑपरेशन होऊ शकतं, झेपेल तेवढा व्यायाम आणि दर वर्षी ईसीजी. ईसीजी टाळायचा नाही, कारण याच डिलिशनमुळे काही जणांत हृदयाच्या ठोक्यांची वायरिंग बिघडते आणि पेसमेकर लागतो.

हल्ली बरेच डॉक्टर आधी जीन्स तपासतात, कधी रक्तातून, कधी लघवीतूनही. तिथे उत्तर मिळालं तर सुरीची गरजच पडत नाही. पण बायॉप्सी ठरलीच, तर ऑपरेशनच्या आधी एक प्रश्न नक्की विचारा, ‘तुकडा कशात ठेवणार?’ फॉर्मॅलिनच्या बाटलीत गेला की एन्झाइम्स संपले, मग ते निळे-तपकिरी रंग विसरा. तो लगेच गोठवावा लागतो आणि उणे ८० अंशांवर ठेवावा लागतो. हे जमणारी लॅब गाठीशी हवी. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आणि हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये या आजारांवर बरीच वर्षं काम चाललंय. जवळच्या हॉस्पिटलमध्ये सोय नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारायला लाजू नका. आणि काम झाल्यावर उरलेला तुकडा फेकू नका, जपून ठेवा म्हणून सांगा. मैत्रिणीचा अजून त्या फ्रीझरमध्येच आहे.