राईत रोप हवे

सायंकाळच्या आरतीला मालवण किनाऱ्यावरील कोणत्याही गावच्या देवळात जावे, सभामंडपात पाऊल ठेवताच प्रथम सामोरा येतो तो धुपाचा वास. देव रवळनाथ असो वा सातेरी, गाऱ्हाणे घातले जाते ते याच वासाच्या साक्षीने. परंतु हा धूप कोणत्या झाडाचा, ते झाड कोठे वाढते आणि त्याचा चीक कसा काढतात, असे देवळासमोर खेळणाऱ्या एखाद्या शाळकरी मुलाला विचारले, तर तो वाण्याच्या दुकानाकडे बोट दाखवील. यात त्या मुलाचा दोष नाही. त्याला त्या झाडापाशी कोणी नेलेलेच नाही.

वस्तुतः ऊद, लोबान, राळ, गुग्गुळ आणि धूप या नावांची आपल्या घरात आणि बाजारात फार सरमिसळ झालेली आहे. अरबस्तानातील ज्या सुगंधी खड्यांसाठी प्राचीन जगाने सोने मोजले, ते बॉस्वेलिया नावाच्या झाडाचे. त्याची भारतीय बहीण म्हणजे आपली साळई. ती सातपुडा-मेळघाटाच्या कोरड्या, खडकाळ डोंगरांवर वाढते. अमरकोशात सल्लकीला 'गजभक्ष्या' म्हटले आहे, म्हणजे हत्तींना प्रिय असलेली. कोकणच्या दमट हवेत साळईचे रान नाही. सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यात तिच्याच कुळातला काळा धूप आढळतो. कोवळ्या पालवीच्या दिवसांत हे झाड दुरूनही लालभडक दिसते. त्याचा चीक काढण्यासाठी बुंध्याला घाव घालून खाली जाळ करण्याची रीत आहे, आणि तिचा अतिरेक झाला की झाडच खचते.

या सुगंधाचा पश्चिम किनाऱ्याशी असलेला संबंध केवळ देवळापुरता नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात कल्याण आणि चौल या कोकणच्या बंदरांची नावे येतात. भारतातून परतणारी गलबते मोसम उलटल्यास आजच्या ओमानच्या धोफार किनाऱ्यावर मुक्काम करीत आणि कापड, गहू व तिळाचे तेल देऊन सुगंधी राळ घेत, असेही तोच ग्रंथ सांगतो. त्या किनाऱ्यावरील खोर रोरी येथील उत्खननात भारतीय घडणीची कांस्यमूर्ती मिळाली आहे. सन २००० मध्ये युनेस्कोने या भूमीला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा बंदरांच्या अवशेषांबरोबरच वादी दौका येथील जिवंत झाडांच्या रानालाही त्यात स्थान मिळाले. भिंत जितकी वारसा, तितकेच झाडही वारसा, हे त्या निर्णयातून मान्य झाले. आज प्रवासी तेथे जातात आणि सालीवर हलका चरा दिल्यावर पाझरणारा चीक वाळून त्याचे खडे कसे होतात, हे समजून घेतात.

तथापि दर्जा मिळाला म्हणजे रान वाचले, असे समजण्याचे कारण नाही. आफ्रिकेतील इथिओपियादी देशांच्या बॉस्वेलिया-वनांचा एक व्यापक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे जुनी झाडे उभी आहेत. पण अनेक रानांत कित्येक दशकांत नवे झाड उगवून मोठे झालेले नाही, असे त्यात आढळले. वणवे, मोकाट चराई आणि बेसुमार चीक काढणे यांमुळे रोपे तग धरीत नाहीत आणि वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल, असा इशारा त्या शास्त्रज्ञांनी दिला. डोळ्यांना रान भरलेले दिसते, पण त्याला वंश उरलेला नसतो. जुन्या झाडांची गणना करून समाधान मानणाऱ्यांनी हे वाक्य ध्यानात ठेवावे.

हेच दुखणे सिंधुदुर्गाच्या देवरहाटींना जडले आहे. देवरहाटी म्हणजे ग्रामदेवतेच्या नावाने राखलेली राई. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, पडलेली काटकीही घरी न्यायची नाही, हा तिचा कायदा. तो कोणत्याही सरकारने केला नव्हता. गावरहाटीने केला आणि देवाच्या धाकाने पाळला. सत्तरच्या दशकात डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातील देवरायांची पाहणी केली आणि इतरत्र नाहीशी झालेली झाडे-वेली या राखीव तुकड्यांत टिकून असल्याचे जगापुढे मांडले. त्याचा ताजा दाखला दोडामार्ग तालुक्यात आहे. बांबर्डे येथील राईत रानजायफळाची दलदल सापडली. चिखलातून गुडघ्यासारखी मुळे वर काढून श्वास घेणाऱ्या झाडांचे हे अतिप्राचीन वन गावाने देवाचे म्हणून जपले होते. राज्य शासनाने २०२१ मध्ये त्या २.५९ हेक्टर जागेला जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. आकाराने एखाद्या मोठ्या बागायतीएवढा हा तुकडा; पण तो नष्ट झाला असता तर कोणत्याही रोपवाटिकेतून परत आणता आला नसता.

मग रोप कोठे नाही? ते गावाच्या स्मरणात नाही. राईतील प्रत्येक झाडाचे नाव, त्याचा गुण आणि त्याच्याशी बांधलेला संकेत जाणणारे वृद्ध एकेक करून निघून जात आहेत आणि त्यांच्या जागी कोणी तयार होत नाही. तरुण मुंबईला वा आखातात नोकरीस गेलेला. घरी राहिलेल्याला राईपेक्षा देवळाच्या जीर्णोद्धाराची घाई अधिक. गाभाऱ्यावर शिखर चढते, पुढे सिमेंटचे पटांगण होते, मोटारींसाठी रस्ता रुंद होतो आणि प्रत्येक वेळी राई काही हात मागे सरते. ग्रामस्थांच्या भक्तीबद्दल येथे शंका नाही. शंका आहे ती इतकीच की, ज्या देवाने राई हेच आपले देऊळ मानले, त्याला हा चिरेबंदी थाट मानवेल काय?

सिंधुदुर्गाला १९९७ मध्ये पर्यटन जिल्ह्याचा मान मिळाला. जलदुर्ग, तारकर्लीची वाळू आणि समुद्रतळाची सफर यांसाठी लोक येतात आणि त्यावर अनेकांच्या चुली पेटतात. देवरहाटीही दाखवाव्यात, अशी सूचना आता होऊ लागली आहे. ती सरसकट नाकारणे योग्य नाही आणि डोळे मिटून स्वीकारणेही नाही. खाद्यपदार्थांच्या गाड्या आणि प्लॅस्टिकचा कचरा राईत शिरला, तर दोन-चार हंगामांत धाकही जाईल आणि झाडेही. म्हणून पहिला पाहुणा बाहेरचा नसावा, गावच्याच शाळेतला असावा. वर्षातून एकदा प्रत्येक शाळेने आपल्या वर्गाला राईत न्यावे. सोबत गावचे मानकरी आणि झाडे जाणणारी एखादी आजी असावी. मुलांनी अनवाणी जावे, काही तोडू नये, पाहिलेले आणि ऐकलेले लिहून काढावे. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवणे अपेक्षित आहे. ती कार्यालयात बसून भरण्यापेक्षा या वह्यांतून भरली गेली, तर तिच्यात प्राण येईल.

शासनाचेही कर्तव्य आहे. देवरायांपैकी काहींची नोंद महसूल खात्याकडे, काहींची वन खात्याकडे, तर काही खाजगी सातबारावर असल्यामुळे त्यांच्या रक्षणाची जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न लोंबकळत राहतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील देववनांच्या प्रकरणात देशभरातील अशा वनांसाठी सर्वंकष धोरण आखावे, असे केंद्राला सुचविले. त्या धोरणाची वाट पाहत बसण्याऐवजी जिल्ह्याने आपल्या राया मोजून, त्यांच्या सीमा आखून द्याव्यात. मात्र ग्रामस्थांना दूर सारून नव्हे. रखवालदार नेमून जे टिकणार नाही, ते गावाने शतकानुशतके टिकविले आहे.

धुपाचा वास उद्याही दरवळेल; दुकानात पुडे मिळतच राहतील. पण ज्या गावात धुपाचे झाड ओळखणारे एकही मूल उरणार नाही, त्या गावची राई उभी असूनही निपुत्रिक असेल. येत्या पावसाळ्यानंतर एखाद्या शिक्षकाने आपला वर्ग त्या सावलीत नेला, तर वारसा जपण्याचे निम्मे काम त्या एका सकाळी झालेले असेल.