निकाल आणि आदेश यांच्या मधले दिवस

निकाल लागला त्या संध्याकाळी आमच्या मोडनिंबात गुलाल उधळला गेला, पेढे वाटले गेले आणि दुसऱ्याच दिवशी चौकात 'हार्दिक अभिनंदन' असा भला मोठा फलक उभा राहिला. पुढे त्या फलकावरील छायाचित्राचा रंग उन्हाने उडाला, कडांच्या सुतळ्या पावसात कुजल्या, तरी ज्या पदासाठी हा सोहळा झाला त्याचा नियुक्ती आदेश निवड झालेल्या मुलाच्या हाती पडला नव्हता. घराबाहेर पाऊल टाकले की "आर्डर आली का?" हा एकच प्रश्न. विचारणाऱ्याच्या मनात जिव्हाळाच असे. पण तोच प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकावा लागल्यावर तो मुलगा पंढरपूरची एस.टी. स्थानकावर न धरता गावाबाहेरच्या फाट्यावर जाऊन धरू लागला.

निवड निराळी आणि नियुक्ती निराळी, हे गुलालाच्या धुंदीत कोणी सांगत नाही. लोकसेवा आयोग केवळ शिफारस करतो, हुकूम शासनाचा निघतो, आणि त्या दोहोंच्या मध्ये दाखल्यांची छाननी, वैद्यकीय तपासणी, चारित्र्य पडताळणी असे टप्पे असतात. निवडयादीत नाव आले म्हणून नियुक्तीचा अबाधित हक्क प्राप्त होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 1991 साली शंकरसन दास प्रकरणात सांगितले. मात्र शासनाला मनमानी करता येणार नाही, हेही त्याच निर्णयात आहे, आणि सरकारदरबारी नेमका त्याचाच विसर पडतो.

राज्यसेवा 2019 च्या 413 उमेदवारांची कहाणी महाराष्ट्राने विसरू नये. त्यांचा अंतिम निकाल 19 जून 2020 रोजी लागला. मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती मिळाली ती 9 सप्टेंबरला. मध्ये 82 दिवस होते. महामारीचा काळ होता, हे मान्य; परंतु 5 मे 2021 च्या अंतिम निर्णयाने आरक्षण रद्द करतानाही स्थगितीपूर्वी दिलेल्या नियुक्त्यांना धक्का लावला नाही, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या 82 दिवसांत न झालेल्या स्वाक्षऱ्यांचे मोल कळते. ज्यांचा त्या वादाशी काही संबंध नव्हता तेही उमेदवार त्यात अडकले, आणि निर्णयानंतरही त्यांना पुन्हा ताटकळावे लागले.

म्हणून माझे सांगणे असे की, हातातली नोकरी, मग ती पतसंस्थेतील हंगामी लिपिकाची का असेना, लेखी आदेश मिळेपर्यंत सोडू नये, आणि येणाऱ्या पगाराच्या भरवशावर कर्ज काढू नये. पण सारा शहाणपणा उमेदवारानेच का दाखवावा? शिफारस पोहोचल्यापासून आदेश निघेपर्यंतची मुदत नियमाने बांधून द्यावी, आणि ती टळल्यास कारण व नवी तारीख उमेदवाराला लेखी कळवावी. एवढी तजवीज करण्यास फारसा खर्च नाही. ज्याच्या वयाची पंचविशी-तिशीची वर्षे अशी वाट पाहण्यात सरतात, त्याला निदान तारीख मागण्याचा अधिकार असावा.

परवा तो मुलगा रेल्वे स्थानकाच्या रस्त्यावर भेटला. मी आदेशाचा विषय काढला नाही. यंदाच्या ऊसतोडीविषयी विचारले, आणि तो सायकल उभी करून बराच वेळ बोलत राहिला.

— मोडनिंबकर