आवरलेलं आणि लपवलेलं

परवा रविवारी सकाळी नातवाने खालून हाक मारली, "आजी, चष्मा घेऊन पार्किंगमध्ये ये." गेलं वर्षभर तो आमच्या जुन्या पद्मिनीच्या मागे लागलाय. यांनी १९८६ साली घेतलेली गाडी. हे गेल्यापासून ती कव्हरखाली उभीच होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी बनायची बंद होऊनही आता दोन तपं झाली. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये गेल्या. तेव्हा घरातलं पोरगं ती पुन्हा चालती करतंय याचं मला कौतुकच आहे, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर म्हणाल, म्हातारी उगाच किरकिर करते.

तर त्याने बॉनेट उघडलं. आत स्वच्छ क्रीम रंग, मध्ये ते १०८९ सीसीचं इंजिन, आणि बाकी काही नाही! एकही वायर दिसेना. "अरे, वायरी कुठे गेल्या?" "तीच तर गंमत आहे आजी!" याला म्हणे 'वायर टक' म्हणतात. अमेरिकेत जुन्या होंडा सिव्हिक सजवणाऱ्या मुलांमध्ये याचं फार वेड आहे. वायरी सोडवायच्या, लागेल तिथे जोडून लांब करायच्या आणि मडगार्डच्या आतून, पत्र्यामागून फिरवून न्यायच्या. बॉनेट उघडलं की फक्त इंजिन दिसलं पाहिजे.

दिसायला सुंदर होतं, खोटं कशाला बोलू? पण मला काही ते पटलं नाही. का, ते सांगते.

आधी त्याची बाजू. जुनं वायरिंग खरंच वाईट झालं होतं. उष्णतेने वायरींवरचं आवरण कडक होऊन तडकलं होतं, दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलं होतं. त्यात दर इलेक्ट्रिशियनने आपापली भर घातलेली. एकाने हॉर्न बसवला, दुसऱ्याने फॉग लाइट, आणि प्रत्येकाने सापडेल ती वायर सोलून, पीळ देऊन, वर काळी टेप गुंडाळलेली. लोकांना वाटतं, बारा व्होल्ट म्हणजे काय, शॉकसुद्धा बसत नाही. शॉक बसत नाही हे खरं, पण आग लागते. सेल्फ मारताना बॅटरीतून शंभराच्या वर अँपिअर जातात आणि त्या जाड केबलला बहुतेक गाड्यांत फ्यूजही नसतो. ती कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर काय होईल? तेव्हा हा पसारा आवरायलाच हवा होता. इथपर्यंत आमचं दोघांचं एकमत.

पण आवरणं वेगळं आणि लपवणं वेगळं. पाहुणे आले की पसारा पलंगाखाली ढकलायचा, याला कुणी घर आवरलं म्हणत नाही.

मडगार्डच्या आत काय असतं? चाकाने उडवलेला चिखल, पाणी, खडी. भोकं पाडलेल्या पत्र्याची कड सुरीसारखी असते. तिथे रबराचं ग्रोमेट बसवलं नाही तर गाडीच्या थरथरीने वायर रोज थोडी थोडी कापली जाते. वायर लांबली की तिच्यात वाया जाणारे व्होल्टही वाढतात. त्याने साठ वॅटचे हॅलोजन बसवलेत, म्हणजे एका दिव्याला पाच अँपिअर, दोघांना दहा. वायर बारीक असेल तर उजेड पिवळा पडणार आणि वायर तापणार. शिवाय फ्यूज असतो तो वायर जळू नये म्हणून, दिव्यासाठी नव्हे. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कुणीच वाली नसतो, म्हणून तो तुकडा आखूड हवा आणि डोळ्यांसमोर हवा. आणि आमच्या चिरंजीवांनी तर, छान दिसावं म्हणून, वाढवलेल्या सगळ्या वायरी काळ्याच वापरल्या होत्या! कंपनी प्रत्येक वायरला वेगळा रंग देते तो काही हौस म्हणून नाही.

"हे सगळं तुला कुणी सांगितलं?" त्याने विचारलं. कुणी म्हणजे? तुझ्या आजोबांनी!

१९९१ च्या हिवाळ्यातली गोष्ट. पुण्याहून लग्न आटोपून साताऱ्याला परतत होतो. मागच्या सीटवर दोन्ही मुलं झोपलेली. खंबाटकी घाट चढताना दोन्ही दिवे एकदम गेले. मागून ट्रकांची रांग. यांनी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं आणि मला म्हणाले, "बॅटरी धर." माझ्या हातातल्या बॅटरीच्या उजेडात ते ओळीने वायरी बघत गेले. प्रत्येक वायरीवर औषधाच्या दुकानातली पांढरी चिकटपट्टी, आणि तिच्यावर शाईच्या पेनाने लिहिलेलं: 'दिवे', 'हॉर्न', 'अर्थ'. दिव्यांच्या वायरीचा जोड निसटला होता. बसवला, दिवे लागले. दहा मिनिटंही लागली नसतील. त्या वायरी मडगार्डच्या आत असत्या तर ती रात्र घाटात काढावी लागली असती, तीही अंधारातल्या गाडीत, मागून ट्रक येत असताना.

मी सदतीस वर्षं शाळेत शिकवलं. गणिताच्या पेपरात काही मुलं नुसतं उत्तर लिहायची. सुवाच्य अक्षर, खाली दोन रेघा. कच्चं काम खोडून टाकलेलं. उत्तर बरोबर असेल तोवर ठीक. पण चुकलं की कुठे चुकलं ते त्याला कळायचं नाही आणि मलाही दाखवता यायचं नाही. मी अशांचे मार्क कापायचे, आणि पालक भांडायला यायचे! :-) गाडीचं तरी वेगळं काय आहे? ती आज ना उद्या बंद पडणार आहेच. तेव्हा बॉनेट उघडणारा माणूस कदाचित नातू नसेल, रस्त्यावरचा एखादा अनोळखी मेकॅनिक असेल. त्याला वाट दिसली पाहिजे. प्रदर्शनात उभी करायची गाडी असेल तर खुशाल लपवा. पण ही घाटातून न्यायची आहे ना?

तो जरा रागावला. दोन दिवस फोन नाही. साहजिक आहे, सहा महिन्यांची मेहनत होती. बुधवारी आला आणि म्हणाला, "सगळं काढणार नाही हं आजी." बरं, नको काढू. मग तह झाला तो असा: बॅटरीची जाड केबल आणि फ्यूजबॉक्स परत समोर येणार. दिव्यांसाठी रिले बसणार, म्हणजे सगळा भार स्विचवर येणार नाही. पत्र्याच्या प्रत्येक भोकाला ग्रोमेट. काळ्या वायरींच्या दोन्ही टोकांना नावं. आणि शंभरपानी वहीत पूर्ण नकाशा, ती वही गाडीतच राहणार. मडगार्डमधल्या काही वायरी तशाच राहणार आहेत. मला ते अजूनही पटलेलं नाही, पण गाडी आता त्याची आहे.

जाताना त्याने खिशातून एक प्लॅस्टिकची पिशवी काढून दिली. जुन्या वायरींवरच्या चिकटपट्ट्या त्याने टाकल्या नव्हत्या. पिवळ्या पडल्यात, पण 'अर्थ' मधला रफार अगदी यांचाच. त्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायला मी त्याला परत दिल्या.

असो. तुमच्याकडे कुणी जुनी गाडी उघडून बसलं असेल तर त्याला एवढं विचारा: उद्या तू नसताना हे कुणाला सापडेल का?