झेपेल तेवढा सातारा



पाऊस ओसरू लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, ‘डॉक्टर, आईला प्रवास झेपेल का?’ काही वर्षांपूर्वी वाई हे माहेर असलेल्या एका आजींसाठी त्यांच्या मुलाने हेच विचारले होते. गुडघेदुखी आणि रक्तदाब एवढ्यावरून मी ‘नको’ म्हणालो. आजींना माहेरचा घाट पुन्हा पाहता आला नाही. त्या नकारात वैद्यकापेक्षा माझी घाईच अधिक होती. आता मी उलट विचारतो, ‘जायचे कुठे आणि तिथे पायऱ्या किती?’

सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. सज्जनगड आणि लिंब गावची बारा मोटांची विहीर ही स्थळे पायऱ्यांची आहेत. चढताना दम लागतो, पण दुखऱ्या गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते, हे ध्यानात ठेवून निर्णय घ्यावा.

वाईला कृष्णाकाठी ढोल्या गणपतीचे दर्शन घ्यावे. जवळच मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आहे. तेथील घाटावरची पोर्तुगीज घंटा १७३९च्या वसई विजयानंतर आलेली. खाली उतरणे जमत नसेल, तर वरूनच नदी न्याहाळावी. त्यात उणेपणा नाही.

पाचगणीपुढचे भिलार हे २०१७पासून ‘पुस्तकांचे गाव’ आहे. घराघरांत पुस्तके मांडलेली असतात आणि कुणीही बसून वाचावे. ज्येष्ठांसाठी याहून सोयीचे ठिकाण मला ठाऊक नाही. वाचायचा चष्मा मात्र विसरू नये.

कासचे पठार २०१२मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात समाविष्ट झाले. तेथील फुलांचा बहर सहसा सप्टेंबरात असतो. सुट्टीचा दिवस टाळावा, काठी घ्यावी. ‘सीतेची आसवे’ हे फूल इवलेसे. वाकवत नसेल, तर नातवंडाला मोबाइलवर जवळून छायाचित्र काढायला सांगावे.

निघण्यापूर्वी थोडे पथ्य. स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने अनेक जण, विशेषतः स्त्रिया, पाणीच पीत नाहीत. त्यातून चक्कर येते, मूत्रमार्गाचा संसर्गही बळावतो. घरच्यांनी थांबे आधीच ठरवावेत आणि दर तासा-दीड तासाने चार पावले चालवावे. लघवीची गोळी परस्पर बंद करू नये. वेळ बदलावी का, हे डॉक्टरांना विचारावे. मधुमेह्यांनी जेवणाची वेळ पाळावी. औषधे डिकीत नव्हे, हाताशी असावीत. अलीकडे छातीत दुखले असेल किंवा दम वाढला असेल, तर आधी तपासणी, मग प्रवास.

एका दिवसात एक किंवा दोनच ठिकाणे पाहावीत. सांभाळणे म्हणजे घरी बसवणे नव्हे. आपल्या घरातील ज्येष्ठांना आज एवढेच विचारा, ‘तुम्हाला कुठे जावेसे वाटते?’