त्यांना 'अभय', आपण 'अपात्र'



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. श्रीरामपूर तालुक्याला हे कुणी शिकवायला नको. इथल्या खंडकऱ्यांच्या जमिनी आधी साखर कंपन्यांकडे गेल्या, मग शेती महामंडळाकडे गेल्या. त्या परत मिळू लागायला २०१२ साल उजाडले. आजोबाची जमीन नातवाच्या सातबाऱ्यावर आली.

पण व्यापारी आणि कारखानदार ही म्हण पाळत नाहीत. कर थकला की ते सरकारच्या माफी योजनेची वाट पाहतात. योजना आली आणि अधिकाऱ्याने 'तुम्ही बसत नाही' असे सांगितले, की ते वकील गाठून थेट हायकोर्टात जातात. तिथे त्यांना पुष्कळदा न्यायही मिळतो. तो कोणत्या मुद्द्यावर मिळतो, हे जिरायतीत कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्याने नीट समजून घ्यावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

माफीचे खानदानी नाव

आपल्या डोक्यावरचे कर्ज सोडले की तिला 'कर्जमाफी' म्हणतात. माफी गुन्हेगाराला करतात. व्यापाऱ्याची कराची थकबाकी सोडली की तिला 'अभय योजना' म्हणतात. अभय राजा देतो, तेही मानाने. जुन्या विक्रीकर-व्हॅटच्या थकबाकीसाठी महाराष्ट्र सरकारने २०१६, २०१९, २०२२ आणि २०२३ असे चार वेळा तडजोडीचे कायदे केले. २०२३ च्या कायद्यात वर्षाची थकबाकी २ लाखांपर्यंत असेल तर ती पूर्ण सोडली. ५० लाखांपर्यंत असेल तर २० टक्के एकरकमी भरून बाकीची सोडवून घेण्याची सोय ठेवली. ५० लाखांच्या वरच्यालाही दार बंद केले नाही, त्याला सवलत कमी दिली एवढेच.

दिल्लीची परंपरा याहून जुनी आहे. १९९७ साली काळा पैसा जाहीर करण्याची योजना आली. ३० टक्के कर भरा (कंपन्या व भागीदारी संस्थांनी ३५ टक्के), व्याज नाही, दंड नाही, खटला नाही. जुन्या सोन्याची किंमत तर १९८७ च्या भावाने धरायची मुभा होती. यापुढे अशी योजना आणणार नाही, असे सरकारने तेव्हा सर्वोच्च न्यायालयात सांगितले. पुढच्याच वर्षी, १९९८ साली, कर विवाद समाधान योजना आली. २०१६ साली पुन्हा उत्पन्न जाहीर करण्याची योजना आली. २०१९ ला 'सबका विश्वास', २०२० ला 'विवाद से विश्वास', २०२४ ला त्याचा दुसरा भाग. जीएसटीच्या पहिल्या तीन वर्षांचे व्याज आणि दंड सोडण्याची सोयही झाली. नावे बदलली, वाट तीच राहिली.

साखर कारखान्यांचेही पाहा. सहकारी कारखान्यांनी उसाला किमान वैधानिक दरापेक्षा जास्त दिलेला भाव हा खर्च नसून नफावाटप आहे, असे म्हणून आयकर खात्याने वर्षानुवर्षे मागण्या काढल्या. तासगाव तालुका कारखान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये, यातला नफा किती ते तपासा, म्हणून प्रकरणे परत पाठवली. शेवटी २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीचा हा भाव खर्च म्हणून धरण्याची तरतूद झाली. सुमारे १० हजार कोटींचा दिलासा, असे अर्थमंत्र्यांनी सांगितले. उसाचा भाव हा कारखान्याचा नफा नव्हे, तेव्हा हा निर्णय योग्यच झाला. आमचे म्हणणे एवढेच की उसामागे कारखाना होता, कारखान्यामागे संघ होता आणि संघामागे मंत्री होते. शेवगाव-पाथर्डीच्या कापसामागे आणि कर्जत-जामखेडच्या ज्वारीमागे कोण आहे?

हायकोर्टाने काय सांगितले

आता मुद्द्याचे. 'सबका विश्वास' योजना १ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाली. जुन्या सेवाकर आणि उत्पादन शुल्काच्या भानगडी मिटवण्यासाठी ती होती. वादातली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर ७० टक्के माफ, त्यावर असेल तर ५० टक्के माफ. व्याज आणि दंड पूर्ण माफ. अट अशी, की चौकशी चालू असेल तर कराची रक्कम ३० जून २०१९ पर्यंत 'निश्चित' झालेली हवी.

या एका 'निश्चित' शब्दावर शेकडो कंपन्यांचे अर्ज अडले. मुंबईच्या थॉट ब्लर्ब या जाहिरात कंपनीने चौकशीत आपल्याकडे किती कर निघतो ते तारखेच्या आतच कबूल केले होते. खाते म्हणाले, आम्ही नोटीस काढून रक्कम ठरवलेली नाही, सबब तुम्ही अपात्र. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलेले दोन मुद्दे पाठ करून ठेवा. पहिला असा, की चौकशीत कबूल केलेली रक्कम हीदेखील निश्चित रक्कमच आहे. योजना वाद मिटवण्यासाठी आहे, तेव्हा तिचा अर्थ तो हेतू साधेल असा लावा. दुसरा असा, की अर्जदाराचे म्हणणे ऐकून न घेता अर्ज फेटाळता येणार नाही. कंपनीला सुनावणी द्या आणि कारणे देऊन निर्णय करा.

न्यायालय प्रत्येक वेळी व्यापाऱ्याच्या बाजूने उभे राहिले असे मात्र नाही. यशी कन्स्ट्रक्शन्सने ठरलेल्या मुदतीत पैसे भरले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले, योजनेचा फायदा हवा तर योजनेच्या अटी काटेकोर पाळा. पण शेखर रिसॉर्ट्स या आग्र्याच्या हॉटेल कंपनीची गोष्ट वेगळी होती. ती दिवाळखोरीच्या कारवाईत सापडलेली. त्या काळात पैसे भरायला कायद्यानेच मनाई होती, आणि मनाई उठेपर्यंत योजनेची मुदत संपून गेली. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिचे पैसे स्वीकारायला लावले. जे करणे त्याला शक्यच नव्हते ते केले नाही म्हणून कुणाला शिक्षा देता येणार नाही, हे त्यातले तत्त्व.

ही तत्त्वे चांगली आहेत. व्यापाऱ्याला ती मिळाली याचे आम्हांला दुःख नाही. आपल्याला ती कधी लागू झाली, एवढेच आम्ही विचारतो.

आता आपली यादी काढा

१ जून २०१७ ला इथून जवळच्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. त्याच महिन्यात सरकारने दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली. ८९ लाख शेतकरी आणि ३४ हजार कोटी, असे आकडे सांगितले. मग सुरू झाले फॉर्म. नवरा-बायको दोघांनी सेवा केंद्रावर रांगेत उभे राहायचे, अंगठा उमटेपर्यंत घासायचा, आणि घरी येऊन 'ग्रीन लिस्ट'ची वाट पाहायची. कुणाची माहिती बँकेने चुकीची भरली, कुणाच्या सोसायटीने भरलीच नाही, कुणाचे नाव आधारशी जुळले नाही. तोवर पोर्टल बंद झाले. पात्र असून पैसे मिळाले नाहीत म्हणून आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना औरंगाबाद खंडपीठात जावे लागले. आठ वर्षे उलटल्यावरही सुमारे साडेसहा लाख पात्र खाती वंचित राहिली, हा सरकारनेच कबूल केलेला आकडा आहे.

शेखर रिसॉर्ट्सचे तत्त्व इथे लावून पाहा. पोर्टलवर माहिती भरणे शेतकऱ्याच्या हातात होते काय? ती बँकेने भरायची होती. जे त्याला शक्यच नव्हते ते झाले नाही, म्हणून शिक्षा त्यालाच. आणि थॉट ब्लर्बचे तत्त्व लावा. यादीत नाव नसलेल्या किती जणांना कारण लेखी मिळाले? किती जणांना बोलावून त्यांचे म्हणणे ऐकले? गटसचिवाने खांदे उडवले, बँकेने तालुक्याला पाठवले, तालुक्याने जिल्ह्याला. सुनावणी झाली म्हणायची ती एवढीच.

डिसेंबर २०१९ च्या योजनेत तर याहून भारी अट होती. थकबाकी २ लाखांपर्यंत असेल तर सगळी माफ. २ लाखांच्या वर एक रुपया असेल तर एक पैसाही नाही. व्याज चढून कर्ज २ लाखांपुढे गेले तरी तो बाद. ५० लाखांवरच्या कंपनीला निम्मी सूट मिळते, आणि २ लाख १ रुपयाच्या कापूसवाल्याला काहीच मिळत नाही. हा न्याय कुठल्या पुस्तकातला?

दोन हेक्टरचे गणित

२००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याचे पात्र कर्ज पूर्ण सुटले. त्याहून जास्त जमीन असणाऱ्याने आधी ७५ टक्के भरायचे, मग २५ टक्के सूट मिळायची. ठरावीक अवर्षणग्रस्त जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २० हजार, यांतले जे जास्त असेल ते. शेतीशास्त्र शिकलेला कोणीही सांगेल की ही अट शेताच्या बांधावर न गेलेल्या माणसाने लिहिली. प्रवरेच्या कालव्याखालचे दोन हेक्टर काळे रान आणि पाथर्डीच्या डोंगराखालचे वीतभर मातीचे मुरमाड रान एका मापाने मोजता येत नाही. तिथे पाऊस पाचसहाशे मिलिमीटर, तोही लहरी. असे सहा-सात एकर म्हणजे पाटाखालच्या एक एकराचीही बरोबरी नाही. कागदावर मात्र कोरडवाहूवाला मोठा शेतकरी ठरला आणि बागाईतवाला लहान.

'कर वेगळा, कर्ज वेगळे'

काही शहाणे म्हणतील, कर आणि कर्ज यांची तुलना कशाला? कर्ज हा लोकांनी बँकेत ठेवलेला पैसा आहे. मान्य. पण सेवाकर कुणाचा पैसा होता? तो बहुधा गिऱ्हाइकाकडून बिलात घेतलेला असतो आणि सरकारात भरायचा असतो. तो भरला नाही तर तो व्यापाऱ्याच्या खिशात राहतो. आपले कर्ज आपल्या खिशात राहिले नाही. ते बियाण्यात, खतात, फवारणीत गेले, आणि उरलेले भावाने खाल्ले.

भाव कुणी पाडला, हेही लपलेले नाही. २००० ते २०१७ या काळात सरकारी धोरणांमुळे भारतीय शेतकऱ्याला मिळालेला एकूण आधार शेतीच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के होता, असे ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी २०१८ च्या अहवालात दाखवले. उणे म्हणजे दिले नाही, काढून घेतले. कापसाचेच ताजे उदाहरण घ्या. १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आपला कापूस घरात यायचा नेमका तोच हंगाम. गिरण्यांना ते अभय झाले. त्याची किंमत कुणी मोजली, हे ज्यांनी बोंडे वेचली त्यांना विचारा.

तेव्हा थकबाकीदार कोण, याचा हिशेब एकदा मांडाच. शेतकरी चळवळीने 'कर्जमाफी' हा शब्द कधीच मानला नाही. आपला शब्द 'कर्जमुक्ती'.

आमच्या मागण्या

कर्जमुक्तीचा निर्णय ३० जून २०२६ पर्यंत घेऊ, असे राज्य सरकारने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. योजना कोणतीही असो, तिच्या नियमांत पुढील गोष्टी लिहिलेल्या असल्याच पाहिजेत:

१. कुणालाही अपात्र ठरवायचे तर कारण लेखी, त्याच्या नावाने, मराठीत द्यावे.

२. अपात्र ठरवण्यापूर्वी तालुक्याच्या ठिकाणी सुनावणी व्हावी. कंपनीला मिळते, ती शेतकऱ्याला का नाही?

३. बँक, सोसायटी किंवा पोर्टलची चूक शेतकऱ्याच्या माथी मारू नये. अशा चुकीपुरती मुदत आपोआप वाढावी.

४. रकमेच्या मर्यादेपुढच्याला बाहेर काढू नये. व्यापाऱ्याला टप्प्याने सूट देता, तशीच इथेही द्या.

५. जमिनीची अट घालायची तर जिरायत आणि ओलीत वेगळे मोजावे.

६. नव्या योजनेआधी २०१७ च्या वंचितांचा हिशेब पुरा करावा.

बैठकीला येताना

श्रीरामपूरच्या बैठकीला रिकाम्या हाताने येऊ नका. गावात २०१७ आणि २०१९ च्या योजनांतून कोण सुटले त्याची यादी करा. प्रत्येकाचा कर्जखात्याचा उतारा, अर्जाची पोचपावती आणि बँकेने दिले असेल तर उत्तर, अशा तीन कागदांच्या झेरॉक्स आणा. पोचपावती हरवली असेल तर बँकेकडे लेखी मागा, आणि त्या मागणीची पोच घ्या. कंपनीने कोर्टात कागद दाखवला म्हणून तिचे ऐकले गेले. आपल्या हातात कागद नसतो, म्हणून आपले म्हणणे रडगाणे ठरते.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे खरे. पण ती चढावी लागलीच तर एकट्याने चढू नये, गावाने मिळून चढावी. आणि 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही आपली जुनी घोषणा वकिलाच्या फायलीतही पहिल्या पानावर असू द्यावी.