टोपल्यातली शिळी भाकरी कुणाच्या ताटात?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या पट्ट्यातल्या घरांत सकाळी भाकरीचं टोपलं उघडलं की फडक्यात गुंडाळलेल्या कालच्या दोन-तीन भाकरी सापडतात. त्या चुकून उरलेल्या नसतात. रात्री भाकऱ्या थापताना घरची बाई दोन जास्तीच्या टाकते. अवेळी कुणी दारात आलं तर उपाशी जाऊ नये आणि सकाळी रानात जाणाऱ्याला काहीतरी बांधून देता यावं, हा तिचा हिशोब. ज्वारीची भाकरी या हिशोबाला साथ देते. रात्रभरात ती कडक होते, पण नीट भाजलेली आणि कोरडी ठेवलेली असेल तर सहसा बिघडत नाही.

बिदर-कलबुर्गीकडचा स्वयंपाक स्वस्त आहे, याचं कारण केवळ गरिबी नव्हे. आज शिजवताना उद्याचं बघायचं, ही इथली रीत आहे. शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची अशा तीन कोरड्या चटण्या बरण्यांत भरलेल्या असल्या की कोरड्यासाची चिंता निम्मी मिटते. तूर तर घरचीच. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिची चव या भागाला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. अंबाडीचा पाला, मूठभर तूरडाळ आणि ज्वारीच्या कण्या एकत्र शिजवून घोटायच्या, वरून लसणाची चरचरीत फोडणी घालायची. चार माणसांचं पोट भरतं आणि बाजारातून आणायचं म्हटलं तर फक्त तेल आणि मीठ. बाजूचे कानडी बोलणारे शेजारी हीच भाजी पुंडी पल्ले म्हणून खातात. सीमेच्या दोन्ही बाजूंना चुलीवर एकच भांडं चढतं.

आता उरलेल्याकडे वळू. शिळ्या भाकरीचा कुस्करा सगळ्यांनाच येतो असं आपण धरून चालतो, पण बहुतेक ठिकाणी तो कोरडा ठणठणीत होतो. भाकरी हाताने बारीक कुस्करावी, मिक्सरला लावू नये, पीठ होतं. त्यावर पाण्याऐवजी ताकाचा हबका मारून दहा मिनिटं झाकून ठेवावी. तेलात मोहरी, जिरं, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि भरपूर कांदा घालावा. कांदा करपू द्यायचा नाही, नुसता मऊ करायचा. हळद, मीठ, मग कुस्करा आणि झाकण ठेवून मंद आचेवर दणदणीत वाफ. उतरवताना शेंगदाण्याचं कूट आणि लिंबू. हे दोन्ही हात आखडून घालू नयेत, सगळी चव त्यांतच आहे.

कालचं वरण सकाळी घट्ट झालेलं असतं. त्यात पाणी ओतून ते पुन्हा उकळणं हा त्या वरणावर अन्याय आहे. त्यातच ज्वारीचं पीठ, थोडी कणीक, थोडं बेसन, तीळ, ओवा आणि लसूण-मिरचीचा ठेचा घालून मळावं, पाण्याचा थेंब लागत नाही. ओल्या फडक्यावर धपाटे थापावेत, मध्ये भोकं पाडून तेल सोडावं. डाळ पोटात गेल्यामुळे हे धपाटे दुपारपर्यंत मऊ राहतात. आणि घरात काहीच उरलेलं नसेल त्या दिवशी चुरमुऱ्यांचा सुशीला आहेच. कानडीत त्यालाच सुसला म्हणतात. चुरमुरे भिजवून पिळून घ्यायचे, कांदा-मिरचीच्या फोडणीत टाकायचे, वरून डाळव्याची पूड भुरभुरायची. फोडणीची तयारी असेल तर शेवयांच्या पाकिटापेक्षा फार वेळ लागत नाही, आणि पोटाला आधार होतो.

भाताची गोष्ट मात्र वेगळी आहे. जुलै 2013 मध्ये कर्नाटकात अन्नभाग्य योजना सुरू झाली आणि ज्वारी खाणाऱ्या घरांतही रेशनचा तांदूळ भरपूर येऊ लागला. त्या तांदळाने किती चुली पेटत्या ठेवल्या हे या भागात कुणाला सांगायला नको. पण भाकरी टिकवण्याची आपली सवय भाताला लागू करू नका. उन्हाळ्यात इथला पारा 40 अंशांच्या वर जातो. अशा हवेत पातेल्यात तसाच राहिलेला भात रात्रीतून बाधतो, आणि त्यात तयार झालेलं विष नंतर कितीही तापवलं तरी जात नाही. भात उरणार असं दिसलं की परातीत पसरून लवकर गार करावा. फ्रीज असेल तर आत, नसेल तर झोपण्याआधीच त्याला लिंबू-दाण्यांची फोडणी देऊन संपवावा. शिळ्या अन्नाबद्दल मला कितीही माया असली तरी या बाबतीत मी कडक आहे.

इथवर पाककृती झाल्या. मला खरं सांगायचं आहे ते पुढचं.

उरलेलं अन्न संपवण्याचं काम आपल्या घरांत एकाच माणसाकडे असतं. नवऱ्याला आणि मुलांना गरम भाकरी, सासू-सासऱ्यांना मऊ भाकरी, आणि टोपल्यातली कालची तिला. तिचं जेवण सगळ्यांच्या शेवटी, तेव्हा वरणाच्या पातेल्यात तळाला पळीभर पाणी असतं. सकाळी ती तीच शिळी भाकरी चहात बुडवून खाते आणि कामाला लागते. जेवणासोबतचा चहा अन्नातलं लोह पुरतं अंगी लागू देत नाही, लिंबू ते लागायला मदत करतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के होतं. या तफावतीला पाळी आणि बाळंतपणं अशी कारणं आहेतच. पण तळाचं वरण आणि चहातली भाकरी यांना त्यातून वगळायला मी तयार नाही.

म्हणूनच मला कुस्करा आणि धपाटे महत्त्वाचे वाटतात. कालची भाकरी नुसती शिळी राहिली तर ती तिच्या एकटीच्या वाट्याला येते. तिला कांदा, कूट, लिंबू लागलं की ती नाश्ता होते, आणि नाश्त्याला सगळं घर बसतं. शिळ्याला चव आणली की त्याची वाटणी होते.

अशी वाटणी आपल्याला नवीन नाही. येळवशीच्या दिवशी, मार्गशीर्ष अमावास्येला, लातूरपासून बिदर-कलबुर्गीपर्यंत अख्खं गाव रानात असतं. ओला हरभरा, तूर, वाटाणा, शेंगदाणे, रानात आणि घरात जे असेल ते सगळं भज्जीच्या एका भांड्यात जातं. सोबत बाजरीचे उंडे आणि ताकातली आंबील. बांधावरून जाणारा अनोळखी माणूससुद्धा जेवल्याशिवाय पुढे जात नाही. दुसऱ्या दिवशी घरी आणलेली भज्जी मुरून आणखी चवदार लागते आणि तिच्यासाठी पोरं भांडतात. त्या दिवशी शिळ्याला कुणी नाक मुरडत नाही. आणि ज्या बसवकल्याणात बाराव्या शतकात बसवण्णांनी श्रमाबरोबर दासोह शिकवला, जे आहे ते वाटून घ्यायला सांगितलं, तिथल्या घरांत रोजच्या ताटांमध्ये दुजाभाव असावा हे मला पटत नाही.

भाकरीला आता बाहेर मान मिळू लागला आहे. कलबुर्गीतल्या बायकांनी सहकारी संस्था करून ज्वारीच्या भाकरीचा व्यवसाय उभा केला. जून 2025 मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्यांचा उल्लेख केला. रोज तीन हजारांवर भाकऱ्या तिथे तयार होतात. जी कला घरात फुकट धरली जाते तिला बाजारात दाम मिळतो, याचा मला मनापासून आनंद आहे. त्या भाकरीला घरातही तेवढीच किंमत असायला हवी.

तेव्हा पुरुष वाचकांना एक विनंती. या आठवड्यात जेवायला बसण्याआधी टोपलं स्वतः उघडून बघा. कालची भाकरी असेल तर अर्धी आपल्या ताटात घ्या, आणि वरणाचं पातेलं तळाला जायच्या आत घरातल्या बाईचं ताट वाढून तिला सोबत बसवा. कुस्करा करायची वेळ आली तर कृती वर दिलेली आहे. कांदा तुम्ही चिरा.