चन्नम्माच्या माहेरी विजेची शाळा

बेळगावची भाजी आली नाही तर गोव्यात दुपारी काय शिजवायचे हा प्रश्न पडतो, हे आपण सगळेच जाणतो. दूध, भाजी, कांदा, झेंडूची फुले, सगळे घाट चढून-उतरून येते. आपली मुले शिकायला तिथे जातात, आजारी माणसे इस्पितळात तिथे जातात. एवढे सगळे देणे-घेणे असताना ज्ञानाच्या बाबतीत मात्र गोवा, बेळगाव आणि कोल्हापूर एकमेकांकडे पाठ करून बसले आहेत. ही पाठ जरा वळवावी, असे मला वाटते. निमित्त आहे अक्षय ऊर्जेचे, म्हणजे सूर्य, वारा, पाणी आणि उसाच्या चिपाडापासून मिळणाऱ्या विजेचे.

माझी सूचना साधी आहे. गोवा विद्यापीठ (१९८५), कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ (१९६२) आणि बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ (२०१०) यांनी मिळून अक्षय ऊर्जेचा दोन वर्षांचा एम.एस्सी. अभ्यासक्रम चालवावा. विद्यार्थ्याने एक सत्र गोव्यात, एक बेळगावात, एक कोल्हापुरात काढावे आणि शेवटचे सत्र प्रत्यक्ष कामावर. पदवी तिघांची मिळून.

आणि ह्या तिघांचा मध्य शोधायचा तर तो काकतीला सापडतो. बेळगावहून कोल्हापूरकडे निघाले की महामार्गावर लगेच लागणारे हे गाव. कित्तूरच्या राणी चन्नम्माचा जन्म १७७८ साली इथला. जिने १८२४ साली कंपनी सरकारला नाही म्हटले, तिचे हे माहेर. तिच्या नावाचे विद्यापीठ उभे राहिले तेही ह्याच रस्त्यावर, थोडे पुढे, भूतरामनहट्टीला. काकतीत मराठी आणि कानडी दोन्ही भाषा उंबऱ्याच्या आत-बाहेर सहज ये-जा करतात. अशा गावात तीन राज्यांची मुले चार महिने राहिली तर बिघडेल काय?

आता कुणी म्हणेल, तीनच विद्यापीठे का? एकाला जमत नाही का? ह्याचे उत्तर निसर्गानेच दिले आहे. गोव्यात ऑक्टोबर ते मे ऊन भरपूर, पण पावसाळ्यात जून-जुलैला सौर पट्ट्या हात टेकतात. नेमक्या त्याच महिन्यांत घाटमाथ्यापलीकडच्या पठारावर वारा सुटतो आणि पवनचक्क्या जोरात फिरतात. पावसाळा ओसरला, वारा पडला की दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर-निपाणी-बेळगाव पट्ट्यात साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. गाळलेल्या उसाच्या वजनाचा चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक चिपाड म्हणून उरतो. ते जाळून कारखाना स्वतःची गरज भागवतो आणि उरलेली वीज विकतो. म्हणजे एकाचे संपते तिथे दुसऱ्याचे सुरू होते. जी गोष्ट तीन प्रदेशांत वाटलेली आहे ती एका वर्गात बसून कशी शिकणार?

शिकवायला माणसे आहेत. शिवाजी विद्यापीठाचा पदार्थविज्ञान विभाग पातळ थरांच्या संशोधनासाठी ओळखला जातो, आणि सौर घटामागचे विज्ञान बरेचसे तेच. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ पासून आहे. आपल्याकडे दोनापावलला १९६६ साली स्थापन झालेली समुद्रविज्ञान संस्था आहे. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचे आणि तारांचे काय होते, हे किनाऱ्यावर राहिल्याशिवाय कळत नाही.

ह्या मातीला हा विषय नवाही नाही. गोकाकच्या धबधब्याच्या जोरावर सूतगिरणी चालू झाली ती १८८७ साली. त्यानंतर वर्षभरात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे लोखंडी नांगर बनवले. नगरपालिकेच्या वाढीसाठी त्यांची जागा गेली आणि १९१० मध्ये औंधच्या राजांच्या आश्रयाने त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. बेळगावच्या हातून एक मोठा कारखाना गेला. गावाने कारागिराला जागा ठेवली नाही तर कारागीर जातो, एवढे तरी त्यातून शिकावे.

युरोपात हे होऊन गेले आहे. जर्मनीतील ओल्डेनबर्ग विद्यापीठात १९८७ पासून अक्षय ऊर्जेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पुढे तिथल्या अनेक देशांच्या विद्यापीठांनी मिळून सामायिक पदवी सुरू केली. पायाभूत सत्र एका देशात, विशेष अभ्यास दुसऱ्या देशात, नंतर प्रत्यक्ष प्रकल्प. एकमेकांशी दोन महायुद्धे लढलेल्या देशांना हे जमते. आपल्यात तर फक्त एक चोर्ला घाट आहे!

कायद्याची अडचण सांगितली जाईल, की प्रत्येक राज्य विद्यापीठाची हद्द ठरलेली असते. खरे आहे. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये श्रेयांकांची बँक आली. एका विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक दुसरीकडे धरता येतात. वाट आहे, चालणारा हवा.

खरी अडचण मनातली आहे. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. म्हादईचे भांडण तर आपल्या घरातलेच. पण म्हादईकडेही नीट पाहा. २०१८ च्या निवाड्यात कर्नाटकाला जे १३.४२ टीएमसी पाणी दिले, त्यातले ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठी आहे. म्हणजे हा वाद पिण्याच्या पाण्याइतकाच विजेचा आहे. मोलेचेही तेच. धारवाडकडून येणाऱ्या ४०० केव्ही वाहिनीसाठी जंगल तोडू नका म्हणून २०२० साली आपली तरुण मुले रस्त्यावर उतरली, आणि २०२२ मध्ये न्यायालयाने मार्ग बदलायला लावला. विरोध बरोबरच होता. पण घरोघरी पंखे फिरतात ते बहुतांशी बाहेरून आलेल्या विजेवर, हेही खरे. 'ही वाहिनी नको' म्हणणाऱ्या मुलांपैकी काहींना 'मग कुठली, किती आणि कशी' हे आकड्यांनिशी सांगता आले पाहिजे. तेही पलीकडच्या मुलासमोर बसून, ज्याच्या गावाला आपल्यासारखीच वीज आणि पाणी हवे आहे.

मी कला शाखेचा पदवीधर, पोटासाठी सरकारी कारकून. म्हणून एक अट माझ्यातर्फे. हा अभ्यासक्रम फक्त इंजिनिअरांचा करू नका. फायली वाचून मला एवढे कळले आहे की प्रकल्प यंत्रावाचून क्वचितच अडतो. तो जमिनीवर, करारावर आणि भाषेवर अडतो. कर्नाटकातल्या पावगड सौर उद्यानात सुमारे १३ हजार एकर जमीन विकत न घेता भाड्याने घेतली. शेतकऱ्याला एकरी वर्षाला २१ हजार रुपये ठरले, दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ. जमीनमालकाच्या दृष्टीने चांगला करार. पण त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीन मजुराला भाडे कोण देणार? हा प्रश्न व्होल्टमीटर सांगत नाही. तो विचारायला समाजशास्त्र, कायदा आणि इतिहास शिकलेली मुले वर्गात हवीत.

म्हणून प्रबंध खुशाल इंग्रजीत लिहा, पण प्रत्येक विद्यार्थ्याने ज्या गावात काम केले त्या गावच्या भाषेत, मराठी, कोंकणी वा कानडीत, दहा-बारा पानांचा गोषवारा लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावा. लोकांनी प्रश्न विचारावेत आणि त्याचे गुण धरावेत. ज्याला आपल्या छपरावरची पट्टी आपल्या आजीला समजावता येत नाही त्याला पदवी देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोवा सरकारने २०५० पर्यंत सगळी वीज अक्षय स्रोतांतून घेण्याचे ठरवले आहे. तोवर आज पहिलीत बसलेली मुले तिशीत असतील. त्यांना शिकवणारे आज तयार व्हायला हवेत. तिन्ही कुलगुरूंनी एकदा काकतीला एकत्र बसून चहा घ्यावा. खर्च फार नाही, आणि रस्ता तिघांच्याही ओळखीचा आहे.